परदेशी टूरमधील बक्षिसी : कोणाला, किती आणि कोणत्या हिशेबाने?

आपल्या जिल्ह्याचे सरकारी नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले तरी बाजारात अजून आपण नगरच म्हणतो. या नगरच्या बाजारातून परदेशी जाणारा माणूस पूर्वी दोनच कारणांनी जाई. एक हजसाठी आणि दुसरे आखाती देशात नोकरीसाठी. आता तसे राहिलेले नाही. नगर, भिंगार, श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी येथून उमराहचे ग्रुप निघतात. कापड, चप्पल, हार्डवेअर, इलेक्ट्रिक सामान यांचे व्यापारी दुबई, इस्तंबूल, ग्वांगझू येथे बाजार पाहण्यासाठी जातात. मुलगा कमावता झाला की आईवडिलांना सिंगापूर-मलेशिया किंवा युरोप दाखवून आणतो.

हे लोक परत आले की विमान, हॉटेल, जेवण, खरेदी सगळ्याची चर्चा होते. परंतु खर्चातील एक कलम असे आहे की त्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. ते म्हणजे टिप. सहलीच्या शेवटच्या दिवशी बसमध्ये माईक हातात घेऊन टूरवाला सांगतो, "ड्रायव्हर आणि गाईड यांच्यासाठी माणशी इतके युरो काढून ठेवा." काही जण निमूटपणे देतात, काही कुरकुरतात, काही खिडकीबाहेर पाहत बसतात. देणाऱ्याला वाटते आपल्याला लुटले. न देणाऱ्याला वाटते आपली अब्रू गेली. ज्याच्या नावाने पैसे गोळा झाले त्याच्या हातात किती पडले, हे कोणालाच ठाऊक नसते.

ज्या कारागिराने शिलाई मशीनवर किंवा वेल्डिंगच्या दुकानात वर्षानुवर्षे पै-पै जमवून हा प्रवास केला, त्याच्यासाठी हे चार-पाच हजार रुपये लहान नाहीत. आणि जो ड्रायव्हर दहा दिवस चाळीस माणसांचा जीव आपल्या हातात घेऊन गाडी चालवतो, त्याच्यासाठीही ते लहान नाहीत. म्हणून हा विषय व्यापारी माणसाने हिशेबाने समजून घेतला पाहिजे.

शब्द आपलाच आहे

बक्षीस हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘बख्शीदन’ म्हणजे देणे, माफ करणे. उर्दू शाळेत शिकलेल्यांना बख्शिश हा शब्द लहानपणापासून माहीत असतो. हाच शब्द तुर्कस्तानात ‘बाहशिश’ आणि इजिप्तमध्ये ‘बकशीश’ म्हणून चालतो. इस्तंबूलचा वेटर किंवा कैरोचा टॅक्सीवाला हा शब्द उच्चारतो तेव्हा आपल्याला तर्जुमा करून घ्यावा लागत नाही.

युरोपातील शब्दही आपल्या वापरातल्या शब्दांसारखेच आहेत. फ्रेंच आणि जर्मन भाषेत टिपेला जे शब्द आहेत त्यांचा अर्थ ‘पिण्यासाठी पैसे’ असा होतो, तर रशियन भाषेत ‘चहाचे पैसे’. आपण चहापाणी म्हणतो ते हेच. दिवाळीला पोस्टमन, गुरखा यांना दिली जाणारी पोस्त आणि ईदच्या दिवशी दुकानातल्या पोऱ्यांना दिली जाणारी ईदी हीसुद्धा याच घरातली. म्हणजे रीत परकी नाही. परकी आहे ती फक्त रक्कम आणि ती मागण्याची पद्धत.

येथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. कामाआधी ठरलेला मोबदला ही मजुरी. काम झाल्यावर खुशीने दिलेली रक्कम ही बक्षिसी. नियमाबाहेरचे काम करून घेण्यासाठी दिलेली रक्कम ही लाच. नोट तीच असते, पण नीयत आणि वेळ बदलली की तिचे नाव बदलते. परदेशात विमानतळावरील इमिग्रेशनचा अधिकारी, कस्टमचा माणूस, पोलीस यांच्यापुढे पासपोर्टमध्ये नोट ठेवून देण्याचा प्रकार चुकूनही करू नये. सिंगापूरसारख्या देशात सरकारी नोकराला पैसे देऊ करणे हाच गुन्हा आहे. त्याने घेतले की नाही, हा प्रश्न नंतरचा.

तीन माणसे, तीन कामे

ग्रुप टूरमध्ये आपला संबंध प्रामुख्याने तीन माणसांशी येतो.

पहिला टूर मॅनेजर. हा बहुधा भारतातून आपल्याबरोबर येतो. हॉटेलच्या चाव्या वाटणे, जेवणाची सोय, कोणी आजारी पडले तर डॉक्टर, कोणाचा पासपोर्ट हरवला तर वकिलात, ही सगळी धावपळ त्याची. तो कंपनीचा पगारी माणूस असतो किंवा रोजावर घेतलेला असतो.

दुसरा स्थानिक गाईड. हा एका शहरापुरता, कधी दोन-तीन तासांपुरता येतो. अनेक देशांत गाईडला सरकारी परवाना लागतो. तुर्कस्तानात गाईडचा व्यवसाय कायद्याने बांधलेला आहे आणि त्याचे किमान दरही ठरवून दिले जातात. म्हणजे त्याची मजुरी आपल्या पॅकेजमधून आधीच गेलेली असते.

तिसरा ड्रायव्हर. तो कमी बोलतो, म्हणून लोक त्याला विसरतात. सामान बसच्या पोटात चढवणे-उतरवणे, रोज सकाळी गाडी स्वच्छ करून दारात उभी करणे, अनोळखी शहराच्या अरुंद रस्त्यातून बारा मीटरची बस काढणे हे त्याचे काम. नगर-मनमाड रस्त्यावर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना या कामाची किंमत सांगण्याची गरज नाही.

युरोपातील ड्रायव्हरविषयी एक माहिती प्रत्येकाने घेऊन जावी. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ड्रायव्हरला दिवसात नऊ तासांपर्यंतच गाडी चालवता येते. आठवड्यातून दोनदा दहा तास चालतात. साडेचार तास चालवल्यावर एकूण ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. रात्रीची सलग विश्रांती साधारणपणे ११ तास, ती काही वेळा ९ तासांपर्यंत कमी करता येते. बसमध्ये टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते आणि गाडी किती वाजता चालली, किती वाजता थांबली, हे सगळे त्यात नोंदले जाते. पोलीस ते तपासतात आणि दंड भारी असतो.

आपली मंडळी काय करतात? दुकानात अर्धा तास दिला असेल तर सव्वा तासाने येतात. मग संध्याकाळी ड्रायव्हर म्हणतो की आता आणखी एक ठिकाण दाखवता येणार नाही. तेव्हा कोणीतरी वीस युरोची नोट काढून दाखवतो. त्याने ती घेतली तर त्याचा परवाना धोक्यात येतो आणि दमलेल्या माणसाच्या हाती आपला जीव जातो. नाही घेतली तर आपण म्हणतो, हा माणूस अडेल आहे. ड्रायव्हरला द्यायची पहिली बक्षिसी म्हणजे वेळेवर बसमध्ये येऊन बसणे. तिला पैसे लागत नाहीत.

पगार कमी तेथे टिप जास्त

टिप काही देशांत सक्तीसारखी का झाली, याचे उत्तर पगारात आहे. अमेरिकेत हॉटेलात वाढपी किंवा तत्सम काम करणाऱ्या, टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख दिला पाहिजे असा केंद्रीय किमान दर तासाला २.१३ डॉलर आहे. तो १९९१ पासून बदललेला नाही. इतर कामगारांचा केंद्रीय किमान दर २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. मधली तूट गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघेल असे कायदा धरून चालतो. न भरल्यास मालकाने भरायची असते. अनेक राज्यांनी यापेक्षा जास्त दर ठरवले आहेत, तरीही रीत तीच आहे. म्हणून तेथे टिप न देणे म्हणजे मजुरी बुडवणे समजले जाते.

यामागे जुना इतिहास आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यानंतर पुलमन कंपनीने आपल्या झोपण्याच्या रेल्वे डब्यांत काळ्या वर्णाचे हमाल नोकरीस ठेवले. पगार तुटपुंजा आणि बाकी भिस्त प्रवाशांच्या बक्षिसीवर. प्रवासी त्यांना खऱ्या नावाने हाक मारीत नसत, सगळ्यांना मालकाच्या नावावरून ‘जॉर्ज’ म्हणत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या हमालांची संघटना उभी राहिली आणि १९३७ साली कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. त्यांचे म्हणणे हेच होते की आम्हाला मेहरबानी नको, पगार द्या.

हे वाचताना आपल्या मार्केट यार्डाची आठवण यावी. हमाली, तोलाई, वाराई हे शब्द आपल्या बिलात आज छापलेले दिसतात. एके काळी हमालाला किती द्यायचे हे शेठजींच्या मर्जीवर असे. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, अनेक ठिकाणी हमालांच्या संघटना झाल्या आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. दर ठरले, मंडळे आली. आज कापडाची गाठ उतरवणाऱ्या हमालाला आपण ठरलेला दर देतो आणि उन्हात जास्त खपला तर वरून चहापाणीही देतो. ठरलेला दर हा त्याचा हक्क आणि चहापाणी ही आपली खुशी. दोन्ही वेगळी असली की दोघांची मान ताठ राहते.

हाच माप परदेशातही लावावा. जेथे मजुरी पुरेशी ठरलेली आहे तेथे टिप म्हणजे शुक्रिया. जेथे मजुरी टिपेवरच टांगलेली आहे तेथे टिप म्हणजे त्या माणसाच्या घरची रोटी.

देशोदेशीची रीत

युरोप : ड्रायव्हर आणि गाईड यांना पगार असतो, पण ग्रुप टूरमध्ये टिपेची रीत पक्की आहे. ड्रायव्हरसाठी माणशी रोज एक-दोन युरो हे रास्त. शहरातील गाईडने चांगली माहिती दिली तर माणशी एक-दोन युरो. फ्रान्ससारख्या देशात हॉटेलच्या बिलात सेवेचा आकार धरलेला असतो. तेथे वेगळे दहा टक्के देण्याचे कारण नाही.

इंग्लंड : तेथे २०२३ साली टिपेविषयी कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू आहे. गिऱ्हाइकाने दिलेली टिप मालकाने स्वतःकडे न ठेवता कामगारांत न्यायाने वाटली पाहिजे, असे बंधन त्यात आहे. मालक मध्येच पैसा अडवतो, ही तक्रार तेथेही होतीच.

अमेरिका : येथे टिप सर्वांत जास्त. ड्रायव्हर आणि गाईड यांच्यासाठी रोज काही डॉलर धरूनच बजेट करावे.

तुर्कस्तान : लिराचा भाव गेल्या काही वर्षांत फार घसरल्यामुळे टूरचे लोक युरो-डॉलरमध्येच बोलतात. नोटा द्याव्यात. युरोची नाणी तेथे सराफाकडे बहुधा बदलून मिळत नाहीत.

दुबई : सक्ती नाही. वाळवंटातील सफारीचा ड्रायव्हर, सामान उचलणारा यांना पाच-दहा दिरहम देण्याची रीत आहे. हे लोक बहुतेक आपल्याच भागातले, पाकिस्तान, बांगलादेश, केरळ येथले असतात.

सिंगापूर : तेथे टिपेची सवय नाही. अनेक रेस्टॉरंट बिलातच दहा टक्के सेवा आकार लावतात. ग्रुप टूरच्या ड्रायव्हरला दिले तर घेतो, न दिले तर वाईट मानत नाही.

जपान : हातात उघडी नोट देणे तेथे अवघड वाटते. माणूस नम्रपणे परत करतो. द्यायचेच असेल तर पाकिटात घालून किंवा आपल्याकडील एखादी लहान भेटवस्तू द्यावी.

चीन : जुनी रीत टिप न देण्याची. पण परदेशी ग्रुपबरोबर काम करणारे गाईड आणि ड्रायव्हर आता अपेक्षा ठेवतात. व्यापारी माणसाने तेथे एक भेद करावा. बाजारात आपल्याबरोबर फिरून भाव करून देणारा दुभाषी हा गाईड नव्हे. त्याचा रोज आधी ठरवावा आणि त्याला कारखानदाराकडूनही दलाली मिळते का, हे सरळ विचारून घ्यावे.

सक्तीची टिप ही टिप नव्हे, भाव आहे

आता आपल्या धंद्याच्या भाषेत बोलू. माल विकताना एक भाव सांगायचा आणि बिलात पॅकिंग, वाहतूक, विमा वाढवायचा, हा प्रकार आपण चांगला ओळखतो. टूरमध्येही तसेच होते.

समजा युरोपच्या दहा दिवसांच्या सहलीसाठी पहिला टूरवाला माणशी १,८५,००० रुपये सांगतो आणि दुसरा १,८८,०००. आपण पहिल्याकडे जातो. पहिल्याच्या पत्रकात खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते की टिप वेगळी, रोज माणशी पाच युरो. दहा दिवसांचे पन्नास युरो. हिशेबाच्या सोयीसाठी युरो १०० रुपयांचा धरला तर ५,००० रुपये. म्हणजे पहिल्याचा खरा भाव १,९०,००० झाला. दुसऱ्याने टिप धरूनच भाव सांगितला असेल तर तो २,००० रुपयांनी स्वस्त पडला. चार माणसांच्या कुटुंबाला ८,००० रुपयांचा फरक.

शिवाय ही रक्कम रुपयांत नव्हे, परदेशी चलनात, तीही रोख लागते. ज्याने हिशेबाने मोजके युरो नेले आहेत त्याची शेवटच्या दिवशी पंचाईत होते.

टिप पॅकेजमध्ये धरलेली असेल तर तिच्यासह पूर्ण रकमेचे बिल होते आणि त्यावर जीएसटी व टीसीएस लागतो. परदेशी पॅकेजवर टीसीएस १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाला. त्याचे दर बदलत असतात, म्हणून पैसे भरताना चालू दर विचारून घ्यावा. हा पैसा आपल्या पॅन नंबरवर जमा होतो आणि आयकराच्या विवरणपत्रात वळता करता येतो किंवा परत मागता येतो. बरेच कारागीर विवरणपत्रच भरत नाहीत आणि हा पैसा सरकारकडे तसाच पडून राहतो. म्हणून टूरवाल्याला आपला पॅन नंबर बरोबर देऊन पावती आणि टीसीएसचे प्रमाणपत्र घ्यावे.

स्वस्त टूर आणि दुकानाची दलाली

टिपेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर गाड्या अडवून भाविकांना ठराविक दुकानात नेणाऱ्यांना आपल्याकडे लटकू म्हणतात. गिऱ्हाईक आणले की लटकूला दुकानदाराकडून पैसे मिळतात आणि ते पूजेच्या ताटाच्या किमतीतून वसूल होतात. परदेशात हेच काम कोट-टाय घालून चालते. बस गालिच्याच्या कारखान्यापुढे, चामड्याच्या शोरूमपुढे, दागिन्यांच्या दुकानापुढे उभी राहते. चहा मिळतो, गोड बोलणे होते, आणि विकलेल्या मालावर गाईडला, कधी टूर कंपनीला, दलाली पोचते.

काही देशांत हा प्रकार इतका वाढला की जवळजवळ फुकट भावात टूर विकायची आणि सगळी वसुली दुकानातून करायची, असा धंदाच झाला. चीनने १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू केलेल्या पर्यटन कायद्यात अवास्तव कमी भावाच्या टूर आणि सक्तीची खरेदी यांवर बंदी घातली. थायलंडने २०१६ साली ‘शून्य डॉलर’ टूर चालवणाऱ्यांवर मोठी कारवाई केली.

आपण स्वतः व्यापारी आहोत. दलाली घेणे हा गुन्हा नव्हे. कापड बाजारात दलाल असतो, अडत असते, वटाव असतो. परंतु आपला दलाल कोणाचा आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत असते. टूरमध्ये गिऱ्हाइकाला ते माहीत नसते, अडचण तेथे आहे. यासाठी साधा नियम ठेवावा. गाईडने नेलेल्या दुकानात पहिल्या दिवशी काही घेऊ नये. मालाचा पोत, भाव बघून ठेवावा आणि दुसऱ्या ठिकाणी विचारावा. ताका हातात घेताच सूत ओळखणाऱ्या माणसाला गालिचाही पारखता आला पाहिजे.

आणि जो गाईड दुकानात न नेता इमानदारीने शहर दाखवतो त्याला टिप देताना हात आखडू नये. त्याने दलाली सोडली आहे. ती भरून निघाली नाही तर पुढच्या ग्रुपला तोही दुकानातच नेईल.

उमराहच्या ग्रुपमध्ये

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा पहिला परदेश प्रवास उमराहचा असतो, म्हणून याविषयी वेगळे लिहितो. मक्का ते मदिना हे अंतर सुमारे ४५० किलोमीटर आहे. बसने पाच-सहा तास लागतात. मक्केत जबल-ए-नूर, जबल-ए-सौर, अरफात, मिना, मुजदलिफा आणि मदिन्यात मस्जिद-ए-कुबा, किबलतैन, उहद अशी जियारत होते. बसचा ड्रायव्हर बऱ्याचदा पाकिस्तानी, इजिप्शियन किंवा बांगलादेशी असतो. घरापासून दूर, आपल्या पोरांसाठी राबणारा.

जियारतीच्या फेरीसाठी माणशी पाच ते दहा रियाल पुरेसे आहेत. रियाल २५ रुपयांचा धरला तर ही सव्वाशे ते अडीचशे रुपयांची गोष्ट आहे. चाळीस माणसांनी पाच-पाच रियाल दिले तरी ड्रायव्हरच्या हातात २०० रियाल पडतात. एकट्याने पन्नास रियाल देऊन मोठेपणा दाखवण्यापेक्षा सगळ्यांनी पाच-पाच देणे बरे. हॉटेलात खोली साफ करणारा मुलगा, ग्रुपबरोबर आलेला भटारी, यांना लोक विसरतात. पंधरा दिवस पहाटेपासून आपल्यासाठी देग चढवणाऱ्या भटाऱ्याचा विचार ड्रायव्हरच्या आधी झाला पाहिजे.

व्हीलचेअर ढकलणारा आणि हलक करणारा न्हावी यांना देतो ती बक्षिसी नव्हे, मजुरी आहे. दर आधी विचारावा, व्हीलचेअरसाठी अधिकृत ठिकाणाहूनच माणूस घ्यावा. हजमध्ये सरकारने पाठवलेले जे खादिम असतात, ज्यांना आता राज्य हज निरीक्षक म्हणतात, ते सरकारी कामावर असतात. त्यांना पैसे देऊ नयेत. दुआ द्यावी आणि त्यांच्या कामाबद्दल चांगले पत्र लिहावे.

काही जण टिपेत जकातीचा पैसा धरतात. ज्याने आपले काम केले त्याला कामाबद्दल दिलेला पैसा आणि जकात या दोन वेगळ्या बाबी आहेत. शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

गोळा केलेला पैसा ही अमानत आहे

काही वर्षांपूर्वी मी बत्तीस जणांच्या एका व्यापारी ग्रुपबरोबर परदेशी गेलो होतो. टूरवाल्याचे नाव घेण्याची गरज नाही. आठ दिवसांचे माणशी चाळीस युरो गोळा झाले, म्हणजे एकूण १,२८० युरो. विमानतळावर ड्रायव्हर आणि गाईड यांना दोन बंद पाकिटे दिली गेली. आमच्यातील एका वयस्कर टेलर मास्टरांनी विचारले, "भाई, कोणाला किती दिले?" टूरवाला म्हणाला, "चाचा, एवढ्याशा रकमेचा काय हिशेब मागता?" मास्टर शांतपणे म्हणाले, "रक्कम एवढीशीच आहे, मग सांगायला काय हरकत?" जबाब मिळाला नाही.

मास्टरांचा प्रश्न रास्त होता. जो दुसऱ्याच्या नावाने पैसा घेतो तो त्या पैशाचा मालक नाही, अमीन आहे. त्यातील एक युरो जरी खिशात राहिला तरी दोन माणसांचा हक्क मारला जातो. देणाऱ्याचा आणि ज्याच्यासाठी दिले त्याचा. ग्रुप नेणाऱ्या बंधूंनाही सांगणे आहे की हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. उलट, कागदावर हिशेब दिला की पुढच्या वर्षी तेच लोक आपल्या नातेवाइकांना घेऊन येतात. धंद्याची बरकत त्यातच आहे.

निघण्यापूर्वी आणि प्रवासात ध्यानात ठेवावे

१) ॲडव्हान्स देण्यापूर्वी विचारावे : टिप भावात धरली आहे काय? नसल्यास रोज माणशी किती, किती दिवसांची, कोणाकोणासाठी? उत्तर तोंडी न घेता पत्रकावर लिहून घ्यावे.

२) लहान मुलांची टिप घेतात का, आणि प्रवासाचे दोन दिवस, म्हणजे विमानात जातात ते, धरतात का, हेही विचारावे. विमानातल्या दिवसाची टिप ड्रायव्हरला कशासाठी?

३) चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच पावतीसह घ्यावे आणि पाच-दहाच्या लहान नोटा मागून घ्याव्यात. सर्वसाधारण देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच रोख नोटा नेता येतात, बाकी कार्डावर. फाटक्या, शाई लागलेल्या डॉलरच्या नोटा परदेशात कोणी घेत नाही.

४) भारतीय रुपयांच्या नोटा ड्रायव्हरला देऊ नयेत. त्या बदलून घेण्यासाठी तो कोठे जाणार? आपल्या खिशातला नकोसा पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवणे ही बक्षिसी नव्हे.

५) ग्रुपने पहिल्याच दिवशी आपल्यातील दोन माणसे नेमावीत. एकाने पैसे घ्यावे, दुसऱ्याने वहीत लिहावे. पाकिटावर नाव आणि रक्कम लिहून सर्वांसमोर द्यावे. उरले तर परत वाटावे.

६) कोणी कमी दिले, कोणी दिले नाही, हे माईकवर सांगू नये. कोणाची काय अडचण आहे हे आपल्याला माहीत नसते. भावातच सक्तीने धरले असेल तर गोष्ट निराळी, मग ते सर्वांनी भरावे.

७) काम वाईट झाले तर टिप कमी करण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण हॉटेल खराब निघाले म्हणून ड्रायव्हरचे पैसे कापू नयेत. हॉटेल त्याने ठरवलेले नसते. तक्रार कंपनीकडे लेखी करावी.

८) देताना नोट मुठीत कोंबून तोंड फिरवू नये. समोर उभे राहून, त्याचे नाव घेऊन, उजव्या हाताने द्यावे आणि शुक्रिया म्हणावे. दहा दिवस बसमध्ये बसून ज्याचे नाव विचारले नाही त्याला शेवटी फक्त पैसे देणे अपुरे आहे.

दोन युरोप्रमाणे चाळीस माणसांचे दहा दिवसांचे ८०० युरो होतात. ही रक्कम पूर्णपणे ड्रायव्हरच्या हातात गेली तर त्याच्या घरात काही तरी होईल. कोणाच्या मुलाची फी भरली जाईल, कोणाचे कर्ज फिटेल. आणि देणाऱ्याचे माणशी वीसच युरो गेलेले असतील. तेच पैसे मध्ये कोठे अडकले तर देणाऱ्याला लुटल्यासारखे वाटते आणि घेणारा पुढच्या हिंदुस्तानी ग्रुपला पाहून नाक मुरडतो. येत्या मोसमात ज्यांचे बुकिंग व्हायचे आहे त्यांनी वरील पहिला प्रश्न उद्याच टूरवाल्याला विचारावा आणि त्याचे उत्तर पावतीच्या मागे लिहून घ्यावे.